सिव्हिअर म्हणजे किती?

अंगणवाडीच्या कागदपत्रांत ‘मध्यम तीव्र कुपोषित’ अशी एक वर्गवारी असते. गाणं शिकलेल्या माणसाला ती वाचताना आधी यमन आठवतो, कारण त्याचा तीव्र मध्यम तिथे उलटा होऊन बसलेला दिसतो. गाणं न शिकलेला वाचक वेगळ्याच जागी अडखळतो. मध्यम म्हणजे बेताचं आणि तीव्र म्हणजे जोराचं, मग हे मूल बेताचं कुपोषित की जोराचं?

दोष अंगणवाडीताईंचा नाही, भाषांतर करणाऱ्याचाही पुरता नाही. मूळ इंग्रजी नाव ‘मॉडरेट अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन’ आणि त्याहून वाईट अवस्थेचं नाव ‘सिव्हिअर अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन’. यातली ‘अ‍ॅक्यूट’ आणि ‘सिव्हिअर’ ही विशेषणं दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. हे कधीपासून आणि किती झपाट्याने झालं, याचं उत्तर अ‍ॅक्यूट देतं. किती झालं, याचं उत्तर सिव्हिअर देतं. उंचीच्या मानाने वजन अलीकडे भराभर उतरलं असेल तर ते अ‍ॅक्यूट. वर्षानुवर्षं पोटाला कमी पडून उंचीच खुंटली असेल तर ते क्रॉनिक. मॉडरेट आणि सिव्हिअर या त्या अ‍ॅक्यूटच्या आतल्या पायऱ्या. मराठीत अ‍ॅक्यूटला आपण तीव्र म्हटलं, आणि सिव्हिअरलाही तीव्रच म्हणायची सवय होती. ‘तीव्र तीव्र’ तर लिहिता येईना, मग ‘अतितीव्र’ आलं. ते वाचून वाटतं की एकच गोष्ट आवाज चढवून सांगितली आहे. दोनांपैकी एक गोष्ट वाटेत सांडली, हे ध्यानातही येत नाही.

गावात हे जोडशब्द फारसे कुणी उच्चारत नाही. तिथे ‘सॅम’ आणि ‘मॅम’ हेच शब्द चालतात, मेळघाटात धारणी-चिखलदऱ्यालाही आणि तिकडे नंदुरबारमध्येही. इंग्रजी आद्याक्षरांची ही दोन नावं आता मराठी बोलण्यात पुरती मुरली आहेत. ‘आमच्याकडं या महिन्यात दोन सॅम निघाले’ असं वाक्य सहज कानावर पडतं. ती ठरतात दंडघेराच्या पट्टीवर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळायची. घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर लाल, ११५ ते १२५ च्या दरम्यान असेल तर पिवळा, त्यापुढे हिरवा. उंचीच्या मानाने वजन फारच कमी भरणं किंवा दोन्ही पावलांवर सूज असणं, याही सॅमच्या खुणा आहेत. म्हणजे सिव्हिअर हा शब्द इथे एका मिलिमीटरवर उभा आहे. दंडघेर ११४ भरला तर सिव्हिअर, ११५ भरला तर नाही.

विशेषणाला असा आकडा चिकटणं ही तशी अलीकडची गोष्ट. हा शब्द जन्माला आला तेव्हा त्याच्याजवळ पट्टी नव्हती, चेहरा होता.

लॅटिनमध्ये ‘सेवेरुस’ म्हणजे करडा, कडक, हसू न फुटणारा. माणसाच्या स्वभावाचं हे वर्णन. रोमन लोकांत ते नाव म्हणूनही चालायचं. आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना इथे जन्मलेला सेप्टिमियस सेवेरुस इसवी सन १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला आणि २११ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्कला वारला. त्याच्या नावाचा अर्थ ठाऊक नसलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही दुसरा एक सेव्हरस चांगला ठाऊक असतो: हॅरी पॉटरचा तो काळ्या झग्यातला, वर्गात टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता ठेवणारा मास्तर स्नेप. रोलिंगबाईंनी नाव उगाच निवडलेलं नाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला आला तो माणसांसाठीच: कडक न्यायाधीश, कडक बाप, कडक गुरू. तिथून तो माणसाने दिलेल्या गोष्टींकडे सरकला, म्हणजे शिक्षा, ताशेरे, टीका. मग हवामानाकडे, आणि त्यानंतर दुखण्याकडे. त्यातलं तर्कशास्त्र समजायला सोपं आहे. कडाक्याचा हिवाळा माणसाला एखाद्या निर्दय मास्तरासारखाच वागवतो, आणि पोटात उठणारी कळ दयामाया दाखवत नाही. याच लॅटिन मुळातून ‘पर्सिव्हिअर’ हे क्रियापद आलं, चिकाटी धरणे या अर्थाचं. स्वतःशीच कडक वागल्याशिवाय चिकाटी कुठली? मात्र ‘सेव्हर’ म्हणजे तोडणे हे क्रियापद याच्या नात्यातलं नाही. त्याचं कुळ ‘सेपरेट’चं. दोघांचं स्पेलिंग शेजारी-शेजारी राहतं, एवढंच.

माणसाच्या स्वभावाचा हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, पण एका चमत्कारिक ठिकाणी: कपड्यांत, केशरचनेत, इमारतींत. केस घट्ट मागे ओढून बांधलेला अंबाडा, अंगावर दागिना नाही, साडी एका रंगाची. इंग्रजीत अशा रूपाला सिव्हिअर म्हणतात. नक्षी नसलेली, सरळ भिंतींची वास्तूही सिव्हिअर. त्यात निंदा असेलच असं नाही, कौतुकही असू शकतं. शब्दाचा हा पैलू मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्यांना क्वचितच भेटतो, कारण आपली याच्याशी ओळख दवाखान्यात होते.

आता मराठी बाजू. सिव्हिअरला एक प्रतिशब्द शोधायला निघालं की पहिला धक्का हा बसतो की मराठीला तो नकोच आहे. इंग्रजी एकाच विशेषणावर थंडी, दुष्काळ, शिक्षा, वेदना, टंचाई सगळं भागवते. मराठीत प्रत्येक नामाने आपापलं विशेषण ठरवून ठेवलेलं असतं. थंडी कडाक्याची. ऊन रणरणतं. वारा सोसाट्याचा. नजर करडी. मार जबर. कळ जीवघेणी. दुष्काळ भीषण. यांची अदलाबदल करून बघा: सोसाट्याची थंडी, करडा दुष्काळ, रणरणती कळ. एखाद्या नवकवीला चालतील, बातमीदाराला नाहीत. इंग्रजी शिकताना आपल्याला जो त्रास होतो त्याचं मूळही इथेच आहे. आपण नामागणिक विशेषण शोधत बसतो आणि इंग्रजी म्हणते, सिव्हिअर लावून टाक.

अर्थात तिचेही हट्ट आहेत. पावसाला ती सिव्हिअर लावत नाही, ‘हेवी’ लावते. वादळाला मात्र सिव्हिअर चालतं. वाहतुकीच्या कोंडीलाही सिव्हिअर चालतं, पण नुसत्या रहदारीला हेवी. ‘सिव्हिअर कोल्ड’ म्हणजे कडाक्याची थंडी, आणि त्याच्या आधी ‘अ’ हे चिमुकलं उपपद लावलं की झाली जबर सर्दी. आनंदाला, यशाला, प्रेमाला हे विशेषण लागतच नाही. ज्यात सोसणं आहे तिथेच ते बसतं.

सगळ्या अर्थांना एकच मराठी शब्द द्यायचा झाला तर माझं मत ‘कडक’ला. कडक मास्तर, कडक शिक्षा, कडक थंडी, कडक ऊन, कडक उपास, कडक सोवळं. माणसापासून हवेपर्यंतचा सिव्हिअरचा सगळा प्रवास या एका शब्दाने मराठीत केला आहे, आणि तोही लॅटिनला न विचारता. पण तो दोन ठिकाणी दगा देतो. एक म्हणजे दुखण्याला तो लागत नाही. कडक दमा किंवा कडक रक्तक्षय असं कुणी म्हणणार नाही. दुसरं म्हणजे त्याच्या अंगात उत्साह फार. कडक चहा, कडक इस्त्री, आणि पोरं तर नव्या मोटारसायकलीकडे बघून नुसतं ‘कडक!’ म्हणतात. सेवेरुसच्या कपाळावर आठी पडेल.

दुखण्याच्या बाबतीत आपण ज्या दोन शब्दांवर विसंबतो ते दोन्ही मुळात दुसरंच काही सांगणारे आहेत. तीव्र म्हणजे धारदार, टोकदार. अ‍ॅक्यूटचं लॅटिन मूळही नेमकं तेच, टोक काढलेलं. म्हणजे अ‍ॅक्यूटला तीव्र म्हणणारा चुकला नव्हता, त्याने तर मूळ गाठलं होतं. चुकला तो त्याच्यानंतर सिव्हिअरलाही तीव्र म्हणणारा. गंभीर म्हणजे खोल; पाणी गंभीर असतं, आवाज गंभीर असतो, आणि प्रकृती गंभीर असते तेव्हा ती खोल गेलेली असते.

गंमत अशी की सिव्हिअरसाठी नेमका शब्द आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगांचे निरनिराळ्या कसोट्यांवर दोन-दोन गट पाडले आहेत. बरा होण्या न होण्यावरून साध्य आणि असाध्य. आणि रोगाच्या बळावरून मृदू आणि दारुण. आजचा डॉक्टर ज्याला माइल्ड आणि सिव्हिअर म्हणतो ती ही जोडी, आणि साध्यासाध्यतेचा प्रश्न तिच्यापासून स्वच्छ वेगळा ठेवलेला. झपाट्याने वाढणाऱ्या आणि रेंगाळणाऱ्या रोगांसाठी आयुर्वेदाच्या मराठी पुस्तकांत आशुकारी आणि चिरकारी हे शब्दही भेटतात. म्हणजे सॅमला ‘दारुण आशुकारी कुपोषण’ म्हणता आलं असतं. आलं असतं, पण म्हणू नये. कारण दरम्यान दारुणचं काय झालं ते आपण जाणतो. क्रिकेटच्या पानावर त्याने पराभवाशी घरोबा केला. दारुण पराभव, दारुण निराशा. फार तर दारुण दारिद्र्य. अंगणवाडीच्या फळ्यावर ‘दारुण’ लिहिलं तर आईच्या काळजात धस्स होईल आणि शेजारी उभा असलेला पोरगा धावसंख्या विचारेल.

दवाखान्यात सिव्हिअरचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो ‘सिरीयस’शी. सिरीयस हा आता मराठी शब्दच आहे. ‘फादर सिरीयस, स्टार्ट इमीजिएटली’ अशी तार ज्या पिढीने पाहिली तिच्या पोटात त्या शब्दाने अजून गोळा येतो. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण शब्द फोनवर शाबूत आहे: ‘आजोबा सिरीयस आहेत.’ त्याचा अर्थ घरातल्या लहान पोरालाही कळतो, की माणूस वाचेल की नाही सांगता येत नाही.

औषधशास्त्रात मात्र सिव्हिअर आणि सिरीयस यांच्यात भिंत आहे. सिव्हिअर म्हणजे त्रासाचा जोर. सिरीयस म्हणजे त्या त्रासाचा परिणाम: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग. औषध घेतल्यावर डोकं फुटेल इतकं दुखलं, माणूस दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागला, तर ते दुखणं सिव्हिअर आहे, सिरीयस नाही. उलट हृदयविकाराचा सौम्य झटका आला, छातीत जरासं जड वाटलं, तरी तो सिरीयसच. नुसता जोर पाहिला तर माइल्ड. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या त्रासांची नोंद मायनर, सिव्हिअर आणि सिरीयस अशा तीन खणांत होते. करोनाच्या लसी सुरू झाल्या तेव्हा वर्तमानपत्रांतून दोन्ही शब्दांना ‘गंभीर’ हा एकच सदरा चढवला गेला. ज्याला नुसता सणकून ताप आला होता तो आणि जो अतिदक्षता विभागात होता तो, दोघेही ‘गंभीर दुष्परिणाम’. एका शब्दाच्या आळसाने किती घरांत लस नको म्हटलं गेलं असेल, याचा हिशोब कोणाकडे नाही.

करोनाच्या विषाणूचं अधिकृत नावसुद्धा सिव्हिअर आणि अ‍ॅक्यूट या जुन्या जोडगोळीने सुरू होतं. २००३ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशियातून पसरणाऱ्या नव्या आजाराला ‘सिव्हिअर अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम’ असं नाव दिलं, म्हणजेच सार्स. २०१९ च्या अखेरीस आलेला विषाणू त्याच घराण्यातला म्हणून २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ ठरला. म्हणजे ज्याला सर्दीपलीकडे काही झालं नाही, त्याच्याही अहवालावर सिव्हिअरचं आद्याक्षर होतं. विशेषण एकदा नावात शिरलं की त्याचा अर्थ सुकतो. काळे आडनावाचा माणूस गोरा असतो, तसंच हे.

हवामान खात्याचं सिव्हिअर मात्र काट्यावर मोजलेलं असतं. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वारा असेल तर साधं चक्रीवादळ. ८९ ते ११७ असेल तर सिव्हिअर, मराठी बातम्यांतलं ‘तीव्र चक्रीवादळ’. ११८ पासून व्हेरी सिव्हिअर, १६७ पासून एक्स्ट्रीमली सिव्हिअर, आणि २२२ पासून सुपर सायक्लोन. शब्द अपुरा पडत गेला तसतसे त्याला क्रियाविशेषणांचे टेकू लावलेले इथे स्पष्ट दिसतात. दिल्लीच्या हवेचं तेच झालं. हवेच्या निर्देशांकात ४०१ ते ५०० ही सिव्हिअरची, शेवटची पायरी. ती वारंवार गाठली जाऊ लागली, तेव्हा उपाययोजनांच्या आराखड्यात ४५० च्या वर ‘सिव्हिअर प्लस’ काढावं लागलं. विशेषणाला बेरजेचं चिन्ह लावण्याची वेळ ज्या शहरावर आली, त्याच्याबद्दल आणखी काय सांगायचं?

३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं निसर्ग हे सिव्हिअर होतं. श्रीवर्धन, मुरुड, हरिहरेश्वरच्या बाजूला माड आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. नारळाचं झाड पुन्हा उभं राहून फळ द्यायला किती वर्षं घेतं ते बागायतदाराला विचारावं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते एक्स्ट्रीमली सिव्हिअर होतं. ते किनाऱ्यापासून अंतर राखून गुजरातकडे गेलं, पण समुद्रात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडवून गेलं. आणि नोव्हेंबर २००९ चं फयान? त्याला कोणतंच विशेषण नव्हतं, नुसतं चक्रीवादळ. कोकणातल्या मच्छीमारांच्या घरांत ते नाव आजही दबक्या आवाजात निघतं, कारण होड्या समुद्रात असताना ते आलं. पायरी वाऱ्याचा वेग सांगते. त्या वाऱ्याच्या वाटेत कोण होतं, हे तिला ठाऊक नसतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतल्या फोनवर उन्हाळ्यात ‘सिव्हिअर थंडरस्टॉर्म’चा इशारा खणखणतो. नवखा माणूस विजा आणि पावसाच्या भीतीने खिडक्या लावून बसतो. तिथल्या हवामान सेवेच्या कसोटीत ना वीज आहे ना पाऊस. वारा ताशी ५८ मैल किंवा गार किमान एक इंचाची, दोहोंपैकी एक असेल तर वादळ सिव्हिअर. विजा रात्रभर कडकडल्या तरी तेवढ्यावरून ते सिव्हिअर ठरत नाही. विमानातही असंच आहे. पाण्याचा पेला कलंडला, चालताना तोल गेला की आपण देवाचा धावा करतो. वैमानिकाच्या वहीत ते ‘मॉडरेट’. विमान क्षणभर हाताबाहेर गेलं तर सिव्हिअर. आयुष्यभर विमानाने फिरणाऱ्या कित्येकांनी सिव्हिअर कधी अनुभवलेलंच नसतं, जरी घरी येऊन सांगताना तोच शब्द वापरला असला तरी.

जमिनीवर मात्र या शब्दाला पैसे चिकटलेले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने दुष्काळाचे मॉडरेट आणि सिव्हिअर असे प्रकार ठरवले आणि केंद्राच्या आपत्ती निधीचा दरवाजा सिव्हिअरपाशी ठेवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी ११२ तालुके गंभीर, ३९ मध्यम. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ४० तालुके जाहीर झाले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. बांधाच्या अलीकडे गंभीर आणि पलीकडे मध्यम असं वाटून दिलेलं पाहिल्यावर शेतकरी जे बोलतो ते छापण्यासारखं नसतं. या शब्दाचं वजन केरळने दोनदा अनुभवलं. २०१८ च्या पुरानंतर ‘राष्ट्रीय आपत्ती’ जाहीर करा अशी मागणी झाली. तशी तरतूद नाही असं सांगत केंद्राने तो पूर ‘सिव्हिअर स्वरूपाची आपत्ती’ ठरवला. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. त्या आपत्तीला हेच विशेषण मिळायला डिसेंबर उजाडला.

सिव्हिअरचा सर्वांत अवघड उपयोग फौजदारी कायद्यात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. पहिल्या सातांची नोंद डोळ्यांनी घेता येते: डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा विद्रूप होणं, हाड मोडणं. आठवा प्रकार वेगळा. जिच्यामुळे जिवाला धोका होतो, किंवा जिच्यामुळे माणूस वीस दिवस सिव्हिअर शारीरिक वेदनेत राहतो अथवा रोजचे व्यवहार करू शकत नाही, ती दुखापत. वेदनेला ना दंडघेर असतो ना वाऱ्याचा वेग, म्हणून कायदा करणाऱ्यांनी तिला दिवस लावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात तीच यादी आहे, सिव्हिअरही तिथेच आहे, फक्त विसांचे पंधरा दिवस झाले आहेत.

आणि ते दिवस नुसते खाटेवर काढून भागत नाही. इतके दिवस रुग्णालयात होतो एवढं सिद्ध केलं की जबर दुखापत सिद्ध झाली, असं न्यायालयं मानत नाहीत. तेवढे दिवस वेदना तशी होती किंवा रोजचं काम जमत नव्हतं, हे दाखवावं लागतं. रात्र-रात्र तळमळलेल्या माणसाला उलटतपासणीत विचारलं जातं, दुखत होतं म्हणजे किती? समोरच्याच्या एका ठोशाने ज्याचा दात पडला त्याला हा प्रश्न येत नाही. तुटलेला दात सातव्या प्रकारात बसतो, आणि त्याच्यामागे कायद्याने कुठलंच विशेषण लावलेलं नाही.